सँडोज बाग ते ऱ्हाइनचा काठ

बाळकुमच्या जुन्या घरांत अजूनही काही पत्रे जपून ठेवलेली आढळतात. त्यांच्या पत्त्यात कोलशेत रोडच्या पुढे ‘पोस्ट सँडोज बाग’ असे लिहिलेले असते. आजची मुले विचारतात, ‘फादर, ही बाग कुठे आहे?’ बाग म्हणावी असे आता तेथे काही उरलेले नाही. सँडोज हे एका कारखान्याचे नाव होते. त्या कारखान्यामुळे टपालखात्याने आपल्या कचेरीला ते नाव दिले, आणि कारखान्याचे नाव बदलले, मालक बदलले, पुढे कारखानाच उठून गेला, तरी नाव मागे राहिले. त्याच रस्त्यावर बायर कंपनीचा कारखाना होता. खाडीपलीकडे कळव्याला सीमेन्सचा कारखाना आहे. सँडोज स्वित्झर्लंडची, बायर आणि सीमेन्स जर्मनीच्या. या कारखान्यांच्या भोंग्यांवर आपल्या आईबापांनी घरातील घड्याळे लावली, त्यांच्या पगारावर मुलांची शिक्षणे केली आणि लेकींची लग्ने लावली.

आज ‘स्टार्टअप’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. आपण त्याला नवउद्योग म्हणू. जर्मनीतील मध्यम आकाराच्या शहरांत नवतंत्रज्ञानाचे असे उद्योग कसे उगवतात, याची चर्चा आपल्याकडची शिकलेली मुलेही करतात. ते दूरचे काहीतरी आहे, असे त्यांना वाटते. आमचे म्हणणे असे की, ज्यांच्या दारात बाळकुमची एक अख्खी पिढी हजेरी लावत होती, ते कारखाने कोणे एके काळी असेच नवउद्योग होते. ते कसे जन्मले, हे आपण कधी विचारले नाही. आपण फक्त ‘भरती केव्हा आहे?’ एवढेच विचारले. तो राहून गेलेला प्रश्न आज विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बार्मेनचे दोघे भागीदार

जर्मनीच्या पश्चिमेस वुप्पर नावाची एक लहान नदी आहे. तिच्या काठी बार्मेन आणि एल्बरफेल्ड ही दोन जोडगावे होती. १९२९ मध्ये आसपासच्या गावांसह ती एक झाली, आणि त्या शहराला आज वुप्परटाल म्हणतात. कापड विणणे आणि रंगवणे हा तेथला पिढीजात धंदा. बार्मेनमध्ये जन्मलेल्या फ्रीडरिश एंगेल्स यांनी तरुणपणी आपल्या गावाचे वर्णन लिहिले, त्यात रंगाऱ्यांच्या सांडपाण्याने लाल झालेल्या नदीचा उल्लेख आहे.

त्याच गावात १ ऑगस्ट १८६३ रोजी फ्रीडरिश बायर आणि योहान वेस्कॉट यांनी भागीदारीत एक लहानसा धंदा सुरू केला. बायर हे रंगांचे व्यापारी, तर वेस्कॉट हे रंगारी. दोघांपैकी एकही विद्यापीठात शिकलेला शास्त्रज्ञ नव्हता. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरातून जांभळा रंग काढला होता. दगडी कोळशापासून गॅस काढताना मागे उरणारे डांबर तोवर टाकाऊ समजले जाई. त्या टाकाऊ वस्तूतून रंग निघतो, हे कळताच युरोपभर धांदल उडाली. बायर आणि वेस्कॉट यांनी घरच्या स्वयंपाकघरातील चुलीवर भांडी चढवून पहिले प्रयोग केले, असे सांगतात. आरंभी त्यांच्याकडे तीन कामगार होते. १८८१ मध्ये भागभांडवलाची कंपनी झाली, तेव्हा ही संख्या तीनशेच्या वर गेली होती.

त्या काळी असे रंगाचे कारखाने ठिकठिकाणी निघाले आणि त्यांतील बरेचसे बुडाले. ज्यांनी दुसऱ्याचा रंग पाहून रंग केला, ते भाव पडताच संपले. बायर तगली, कारण १८८० नंतरच्या दशकात तिने कार्ल ड्युइसबर्ग यांच्यासारखे तरुण रसायनशास्त्रज्ञ नेमले आणि विक्रीचा माल करण्याऐवजी शोध लावण्यासाठी त्यांना पगार दिला. जे संशोधन रंगांसाठी सुरू झाले, त्यातूनच पुढे औषधे निघाली. १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमन यांनी ज्या पदार्थाची शुद्ध घडण केली, तो १८९९ पासून ‘ॲस्पिरिन’ या नावाने विकला जाऊ लागला. आपल्या घरातील औषधांच्या डब्यात ती गोळी आजही असते.

या कथेची काळी बाजू लपवणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या घराने ॲस्पिरिन दिले, त्याच घराने १८९८ मध्ये ‘हेरॉइन’ हे खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. १९२५ मध्ये बायर ही इतर कंपन्यांसह ‘ई. गे. फार्बेन’ या महासंघात विलीन झाली, आणि नाझी काळात त्या महासंघाने ऑश्विट्झ छावणीलगत कारखाना उभारून तेथे कैद्यांना मरेपर्यंत राबवले. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी १९४१ मध्ये ज्या छावणीत दुसऱ्या कैद्यासाठी प्राण दिला, तीच ही छावणी. युद्धानंतर महासंघ मोडला आणि १९५१ मध्ये बायर पुन्हा वेगळी झाली. चुलीवरच्या भांड्यापासून सुरू झालेला उद्योग कोठवर चढतो आणि कोठवर घसरतो, हे एकाच कंपनीच्या इतिहासात दिसते. हुशारी आणि सद्सद्विवेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे स्मरण आपल्या मुलांना राहावे.

मानहाइमची पत्नी आणि मानहाइमची नगरसभा

ऱ्हाइनच्या काठी मानहाइम नावाचे शहर आहे. कार्ल बेन्झ यांनी १८७१ मध्ये तेथे एका भागीदारासह यंत्रशाळा काढली. भागीदार भरवशाचा निघाला नाही. त्याचा हिस्सा विकत घेण्यास बेन्झ यांच्याजवळ पैसा नव्हता. तेव्हा त्यांची वाग्दत्त वधू बेर्था हिने आपला हुंडा लग्नापूर्वीच मागून घेतला आणि यंत्रशाळेत घातला. १८८६ च्या जानेवारीत बेन्झ यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचे पेटंट मागितले. पण गाडी विकत घेण्यास कोणी पुढे येईना. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्थाने नवऱ्याला न सांगता दोन मुलांना गाडीत बसवले आणि शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून ती फोर्त्सहाइमला माहेरी गेली. वाटेत इंधन संपले, ते तिने एका औषधाच्या दुकानातून घेतले. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजला, त्याला चांभाराकडून कातडे लावून घेतले. त्या एका प्रवासाने लोकांची खात्री पटली. आपल्याकडे या गाडीची कीर्ती ठाऊक असते. परंतु तिचे पहिले भांडवल एका मुलीच्या स्त्रीधनातून आले आणि तिची पहिली खरी परीक्षाही त्याच स्त्रीने घेतली, हे फारसे सांगितले जात नाही.

त्याच शहरात १८६५ मध्ये फ्रीडरिश एंगेलहॉर्न यांनी रंगांची कंपनी काढली. तिचे लघुनाम बी. ए. एस. एफ. त्यांना मानहाइममध्ये जागा हवी होती. नगरसभेने ती दिली नाही. एंगेलहॉर्न यांनी नदी ओलांडली आणि समोरच्या लुडविगसहाफेन या लहान गावी कारखाना उभारला. कंपनीच्या नावात मानहाइमचा प्रांत राहिला, पण धुराडी, पगार आणि कर समोरच्या काठाला गेले. उद्योग कोठे वाढेल, हे नगरसभेच्या एका बैठकीतही ठरून जाते.

या कंपनीचा आपल्या देशाशी एक दुःखद संबंध आहे. अनेक वर्षे खर्चून १८९७ मध्ये तिने कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्यानंतर थोड्याच काळात भारतातील निळीची शेती ओसरली. बिहारच्या चंपारणमध्ये मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या माथी मारला, आणि १९१७ मध्ये गांधीजींना तेथे जावे लागले. ऱ्हाइनकाठच्या प्रयोगशाळेत लागलेला शोध गंडकीकाठच्या शेतकऱ्याचे आयुष्य उलथून टाकतो, हे शंभर वर्षांपूर्वीही खरे होते.

बाळकुमच्या वाट्याला काय आले

ठाण्याला कसब नवे नव्हते. येथे तयार होणाऱ्या रेशमी वस्त्रांची ख्याती मोठी होती, आणि एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये ठाण्याच्या रेशीम विणकरांत ख्रिस्ती कुटुंबांची नोंद आहे. परदेशी स्वस्त मालापुढे ते माग थंडावले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, ती मुंबईचा माल आत आणि आतला माणूस मुंबईला नेऊ लागली. खाडीकाठच्या बाळकुम, कोलशेत, माजिवडे या गावांत मात्र आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबे भातशेती, मीठ आणि मासळी यांवर जगत राहिली.

बायर कंपनी १८९६ मध्येच मुंबईत आली होती, ती रंग विकण्यासाठी. माल येथे तयार करण्याचा विचार स्वातंत्र्यानंतर पुढे आला, कारण आयातीवर बंधने आली आणि सरकारला देशी उत्पादन हवे होते. मुंबईजवळ, आग्रा रस्त्यालगत आणि खाडीच्या कडेला मोकळी जमीन होती. कोलशेत रस्त्यावर कारखाने उभे राहिले. शेती गेली आणि नोकरी आली.

त्या नोकरीने पुष्कळ दिले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. महिन्याच्या ठराविक तारखेस मिळणारा पगार, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाण्याची सोय, पाळीची शिस्त, यंत्र आणि रसायने सुरक्षितपणे हाताळण्याची सवय, युनियनमध्ये उभे राहून बोलण्याचे धैर्य, हे सारे बाळकुमने तेथे मिळवले. जो मुलगा बापाबरोबर होडीत जाणार होता, तो फिटर झाला, बॉयलर अटेंडंट झाला, प्लँट ऑपरेटर झाला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मोठ्या कारखान्यांना उमेदवार घेणे भाग पडले, आणि वागळे इस्टेटच्या आय. टी. आय. मधून निघालेल्या मुलांना दार उघडले. जर्मनीत अर्धा वेळ शाळा व अर्धा वेळ कारखाना अशी जी शिक्षणाची रीत आहे, तिचीच ही धाकटी बहीण.

पण एक गोष्ट त्या फाटकातून बाहेर आली नाही. काय तयार करायचे, ते का करायचे, आणि उद्या त्याऐवजी काय करायचे, हा विचार बाझेल आणि लेव्हरकुसेन येथे होत असे. बाझेलमध्ये १८८६ साली आल्फ्रेड केर्न या रसायनशास्त्रज्ञाने आणि एदुआर सँडोज या व्यापाऱ्याने दोघांच्या भागीदारीत जी लहानशी रंगशाळा काढली, तिच्या नावाचे टपालघर आपल्या रस्त्यावर होते. पण केर्न कोण, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आपण यंत्र चालवायला शिकलो. धंदा उभा करायला शिकलो नाही, कारण ते शिकवणे कोणाचेच काम नव्हते.

वागळे इस्टेटच्या पत्र्याच्या शेड

सर्वच ठाणेकरांविषयी असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. तेथल्या गल्ल्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत: रोड नंबर सोळा, बावीस, अठ्ठावीस. त्या क्रमांकांच्या गल्ल्यांत एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दोन कारागीर एवढ्या सामग्रीवर शेकडो लहान कारखाने सुरू झाले. ते काढणारे बहुधा मोठ्या कारखान्यातला फोरमन, ड्राफ्ट्समन किंवा डिप्लोमा झालेला तरुण असत. मोठ्या कंपनीला लागणारा एखादा सुटा भाग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, स्विचगिअरचा तुकडा ते ‘जॉब वर्क’ म्हणून करून देत. ‘स्टार्टअप’ हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. ते स्वतःला ‘एस. एस. आय. वाले’ म्हणत, आणि त्यांनी मिळून ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन ही संघटना उभारली.

त्यांचे दुखणे तेव्हाही एकच होते. यंत्र हप्त्याने मिळे, शेड भाड्याने मिळे, पण मोठ्या गिऱ्हाइकाकडून बिलाचे पैसे यायला महिने लागत आणि त्या काळात कामगारांचा पगार भागवण्यास कोणी उधार देत नसे. बँक तारण मागे. तारण असते, तर त्यांनी कारखाना काढला असता की नाही, कोण जाणे. १९८२ च्या गिरणी संपाने कापडधंद्यावर अवलंबून असलेल्यांचे कंबरडे मोडले. १९९१ नंतर परदेशी माल सुलभ झाला. आणि सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी पायाखालीच होता, तो म्हणजे जमिनीचा भाव. शेडमध्ये वर्षभर घाम गाळून जे मिळे, त्याहून कितीतरी अधिक शेडची जागा विकून मिळू लागले.

मोठ्या कारखान्यांचेही तेच झाले. २०१० नंतरच्या दशकात कोलशेत रस्त्यावरील दोन्ही कारखान्यांच्या जमिनी बांधकाम व्यावसायिकांकडे गेल्या. बायरच्या जागेवर कल्पतरूची वसाहत उभी राहिली आणि २०२४ मध्ये तेथे ‘ग्रँड सेंट्रल पार्क’ नावाचे विस्तीर्ण उद्यान खुले झाले. सँडोजचा रासायनिक विभाग १९९५ मध्ये ‘क्लॅरियंट’ या नावाने वेगळा झाला होता. त्याच्या जागेवर लोढांची ‘अमारा’ ही वसाहत आहे. जेथे पूर्वी गेटपास दाखवून आत जावे लागे, तेथे आता तिकीट काढून फिरायला जाता येते. आमच्या धर्मग्रामातील निवृत्त कामगार संध्याकाळी त्या बाकांवर बसतात आणि ‘येथे आमचा ड्रायर होता, तेथे गोडाऊन होते’ असे नातवंडांना दाखवतात.

खाडीपलीकडच्या महापे येथे मात्र नव्या पिढीची एक कथा घडली. मुंबईच्या आय. आय. टी. त २००४ पासून नवउद्योगांना आसरा देणारे ‘साइन’ नावाचे केंद्र आहे. तेथे अंकित मेहता, राहुल सिंग आणि आशिष भट या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी सुरू केली. ती मानवरहित उडती यंत्रे करते. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात जे लहान यंत्र उडताना दिसते, ते त्यांचे. पुढे त्यांची यंत्रे सैन्यदलाकडे गेली, आणि २०२३ च्या जुलैत कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हा ६७२ रुपयांचा भाग पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट झाला. नंतरच्या काळात तो मूळ किमतीच्याही खाली गेला. पण बाजाराच्या चढउतारापेक्षा आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की, २००७ ते २०२३ ही सोळा वर्षे आहेत. बारशाच्या दिवशीच लग्नाची तारीख विचारणाऱ्यांनी ही सोळा वर्षे लक्षात ठेवावीत.

माइन्ट्सची ‘सोन्याची खाण’

आता पुन्हा ऱ्हाइनच्या काठी जाऊ. माइन्ट्स हे आर्चबिशपांचे जुने शहर, लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या ठाण्याहून पुष्कळच लहान. त्याच शहरात पंधराव्या शतकात योहान गुटेनबर्ग यांनी सुट्या खिळ्यांनी छपाईची कला सिद्ध केली. त्यांनी योहान फुस्ट यांच्याकडून दोनदा आठशे-आठशे गुल्डेन कर्ज घेतले. बायबलची छपाई तडीस जात असतानाच, १४५५ मध्ये, फुस्ट यांनी व्याजासह वसुलीचा दावा लावला. गुटेनबर्ग हरले आणि छापखाना सावकाराकडे गेला. १४५७ मध्ये त्या छापखान्यातून निघालेल्या स्तोत्रग्रंथावर फुस्ट आणि त्यांचे सहकारी शफर यांची नावे आहेत. गुटेनबर्गांचे नाव नाही. म्हातारपणी, १४६५ मध्ये, तेथील आर्चबिशपांनी त्यांच्या अन्नवस्त्राची सोय लावून दिली, तेवढाच त्यांचा आधार. भांडवल घाईचे असले म्हणजे काय होते, याचा हा पहिला धडा.

त्याच माइन्ट्समध्ये ‘सोन्याच्या खाणीजवळ’ अशा अर्थाचे नाव असलेला एक रस्ता आहे. तेथे २००८ मध्ये ‘बायोएनटेक’ ही कंपनी सुरू झाली. तिचे संस्थापक उगुर शाहीन आणि ओझ्लेम ट्युरेची हे दाम्पत्य तुर्की कुटुंबांतून आलेले. शाहीन चार वर्षांचे असताना कुटुंब जर्मनीत आले आणि त्यांचे वडील कोलोनच्या फोर्ड मोटार कारखान्यात कामगार होते. ट्युरेची यांचे वडील एका लहान गावातील कॅथॉलिक रुग्णालयात शल्यविशारद होते. तेथील धर्मभगिनींची रुग्णसेवा पाहून आपणही धर्मभगिनी व्हावे, असे लहानपणी वाटे, असे त्यांनी सांगितले आहे. दोघेही डॉक्टर झाले आणि कर्करोगावर संशोधन करू लागले.

त्यांना भांडवल दिले ते मुख्यतः श्ट्र्युंगमन या जुळ्या भावांनी. त्या भावांनी आपली ‘हेक्साल’ ही औषधकंपनी २००५ मध्ये नोव्हार्टिसला विकली होती. आणि नोव्हार्टिस म्हणजे सँडोज व सीबा यांच्या १९९६ मधील विलीनीकरणातून झालेले घर. आमच्या टपालघराला ज्याचे नाव होते, त्याच घराण्याच्या तिजोरीतून निघालेला पैसा फिरून एका कामगाराच्या मुलाच्या प्रयोगशाळेत गेला. हा पैसा देणाऱ्यांनी बारा वर्षे वाट पाहिली. २०२० च्या डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचे एकही औषध बाजारात नव्हते. त्यानंतर तिची कोविडवरील लस जगभर गेली आणि माइन्ट्सच्या नगरपालिकेला एवढा कर मिळाला की तिचे कर्जाचे जुने ओझे उतरले. पुढे लसीची मागणी घटली, कर आटला आणि नगरपालिकेला पुन्हा काटकसरीची भाषा बोलावी लागली. एकाच पावसावर दरवर्षीची शेती होत नाही.

ती लस आपल्या देशात आली नाही. आपल्याकडे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची ‘कोविशील्ड’ आणि हैदराबादची ‘कोव्हॅक्सिन’ मिळाली. पण त्या वर्षाची आठवण बाळकुमला वेगळ्या रीतीने आहे. २०२० च्या जूनमध्ये बाळकुमच्या ‘ग्लोबल इम्पॅक्ट हब’ या नव्या इमारतीत महापालिकेने १०२४ खाटांचे कोविड रुग्णालय उघडले. त्या इमारतीच्या फाटकाबाहेर आम्ही पुष्कळ कुटुंबांसोबत उभे राहिलो आहोत. आत बाप, बाहेर मुलगा, आणि मध्ये एक फोन. त्याच दिवसांत ऱ्हाइनकाठी एका कामगाराचा मुलगा ज्या कामात गुंतला होता, त्याचा पाया माणसाच्या दीर्घ श्रद्धेवर रचला गेला होता. बाळकुममध्येही कामगारांची मुले आहेत. त्यांच्यापाठी अशी बारा वर्षे कोण उभे राहील, हा प्रश्न त्या फाटकाबाहेर आमच्या मनात आला नाही. तो नंतर आला, आणि मग गेला नाही.

शेजाऱ्याचा विश्वास

यावर कोणी म्हणेल, ‘फादर, जर्मनीत पैसा आहे, आपल्याकडे नाही.’ बायर आणि वेस्कॉट यांच्या काळचा जर्मनी आजच्यासारखा श्रीमंत नव्हता. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात ऱ्हाइनच्या परिसरात लोक उपाशी होते. तेव्हा फ्रीडरिश विल्हेल्म रायफायसेन नावाच्या एका गावप्रमुखाने भाकरीसाठी मंडळ काढले आणि १८६४ मध्ये ऱ्हाइनकाठच्या हेडेसडॉर्फला पतसंस्था स्थापन केली. तिचे तत्त्व साधे होते. एकट्या गरिबाला कोणी कर्ज देत नाही. पण सारे गाव एकमेकांना जामीन राहिले, तर पैसा गावातच मिळतो, आणि शेजारी एकमेकांना ओळखत असल्याने तो बुडतही नाही.

ही कल्पना आपल्या देशातही आली. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी तिचा अभ्यास करून अहवाल दिला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९१८ मध्ये, तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतपेढी उभी राहिली. तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक. सावकाराच्या पाशातून वसईच्या शेतकऱ्याला सोडवणे, हे तिचे पहिले काम. म्हणजे ऱ्हाइनकाठचा एक नवउद्योग शंभर वर्षांपूर्वीच आपल्या अंगणात रुजला होता, आणि त्याला पाणी घालणारा एक धर्मगुरू होता.

तेव्हा पैसा हा आपला खरा प्रश्न नाही. बाळकुम आणि आसपासच्या अनेक कुटुंबांनी जमिनी विकल्या. त्यातून घरे झाली, गाड्या आल्या, लग्नसमारंभ झाले. काही रक्कम मुदतठेवीत आहे. मुलगा डिप्लोमा झाला आहे, संगणक शिकला आहे. तो जेव्हा सांगतो, ‘मला नोकरी नको, मित्रासोबत काही करून पाहायचे आहे,’ तेव्हा घरात सुतकी शांतता पसरते. अशा एका पित्याने मुलाला समजवा म्हणून आम्हाला घरी बोलावले होते. आम्ही समजावले, आणि मुलगा नोकरीस लागला. त्या वेळी आम्हाला बरे वाटले होते. आज तसे वाटत नाही. त्याचे यंत्र चालले असते की नसते, हे आम्हाला ठाऊक नाही. पण ते काय आहे, हे त्याला विचारण्याचीही तसदी आम्ही घेतली नव्हती.

प्रत्येक मुलाने धंदा काढावा, असे आम्ही म्हणत नाही. बुडालेल्या नवउद्योगांची संख्या तगलेल्यांहून सर्वत्र अधिक असते, आणि घर गहाण टाकून केलेले साहस पुष्कळदा बायकामुलांच्या अंगावर येते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ ही योजना सुरू केली, २०१८ मध्ये महाराष्ट्रानेही आपले धोरण आखले. नोंदणी, सवलती, मार्गदर्शन यांची सोय त्यांत आहे आणि तिचा लाभ घ्यावा. पण बेर्थाने दिला तो हुंडा, वसईत शेजाऱ्यांनी एकमेकांना दिलेला जामीन, श्ट्र्युंगमन बंधूंनी पाहिलेली बारा वर्षांची वाट, या गोष्टी शासकीय योजनेत बसत नाहीत. त्या घराने आणि गावाने द्यायच्या असतात.

त्यासाठी फार मोठे काही नको. आपल्या धर्मग्रामात निवृत्त फिटर आहेत, रसायने हाताळलेले ऑपरेटर आहेत, खरेदीविभागात हयात घालवलेले कारकून आहेत, वागळे इस्टेटमध्ये शेड चालवून ती बंद केलेले उद्योजक आहेत. चर्चच्या सभागृहाची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी उघडता येईल. मुलाने काय करायचे आहे ते सांगावे. म्हाताऱ्याने त्यातली खोट दाखवावी. हिशेब कसा ठेवतात ते कोणीतरी शिकवावे. पतसंस्थेने लहानशी रक्कम, लांबच्या मुदतीने आणि ओळखीच्या जामिनावर द्यावी. आणि ज्याचा प्रयत्न फसला, त्याला पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात कोणी टोमणा मारू नये. हे शेवटचे सर्वांत स्वस्त आहे आणि, आमच्या अनुभवाप्रमाणे, सर्वांत कठीण.

शुभवर्तमानातील तो सेवक आपल्याला ठाऊक आहे, ज्याने मालकाची मोहोर हरवली नाही, उधळली नाही, फक्त सुरक्षित राहावी म्हणून जमिनीत पुरून ठेवली. लहानपणापासून ती कथा आपण ऐकत आलो. ज्यांची जमीनच विकली जाऊन मोहोर झाली आहे, अशा बाळकुमकरांना ती कथा आज काही निराळे सांगते आहे. सँडोज बागेचे ते जुने पाकीट हाती घेतले की आम्हाला वाटते, ज्या घराण्याचे नाव आपण पन्नास वर्षे आपल्या पत्त्यात लिहिले, त्यांच्यापैकी दोघांनी एके दिवशी एका लहानशा शाळेत भट्टी पेटवली होती. तशी एखादी भट्टी आपल्या गल्लीत पेटली, तर तिच्याकडे पाहून दार लावून घेऊ नये, एवढेच आमचे वाचकांना आर्जव आहे.